हातमोजे कोणाचे? तळा तालुक्यातील मेडिक्लेमधारकांस काही सूचना

पॉलिसी आजारी पडण्यापूर्वी वाचावी. आजारी पडल्यावर वाचली तर रक्तदाब वाढतो, आणि तो पॉलिसी घेण्याच्या आधीपासूनच होता, असं कंपनी म्हणू शकते. २०२४ पासून जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे. शिवाय सलग पाच वर्षं हप्ते भरले असतील, तर ‘तुम्ही हे लपवलंत’ एवढ्या कारणावर दावा नाकारता येत नाही. लबाडी सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. तेव्हा ज्यांना रक्तदाब वाढवायचाच आहे त्यांनी तो सहाव्या वर्षी वाढवावा.

पुढील सूचना तळा आणि आसपासच्या वाड्यांतल्या त्या कुटुंबांसाठी आहेत, ज्यांचा मुलगा मुंबईला चाकरमानी आहे आणि ज्यानं एका गणपतीत घरी येऊन ‘आईबाबांचा मेडिक्लेम काढलाय, आता काळजी करू नका’ असं सांगितलं आहे. काळजीची सुरुवात त्या दिवसापासून धरावी.

पॉलिसीत ‘डिडक्टिबल ५०,००० रुपये’ असं छापलेलं असतं. म्हणजे पहिले पन्नास हजार तुमचे, त्यानंतर कंपनी खिशात हात घालणार. शहरातल्या माणसाचं हे गणित बिलिंग काउंटरवर सुरू होतं. तळ्याच्या माणसाचं घराच्या पायरीवर सुरू होतं, आणि छापील पन्नास हजारांचा पहिला रुपया मोजला जाण्याआधीच त्याची बरीच वजावट उरकलेली असते. यासाठी कंपनी कोणतीही पावती मागत नाही, ही तिची मोठी सवलत समजावी.

म्हणून प्रवासापासून आरंभ करू. आधी १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. ती जवळच्या योग्य सरकारी रुग्णालयात नेते. तळ्याहून मोठ्या दुखण्याला बहुधा माणगावच्या उपजिल्हा रुग्णालयात. तिथून ‘पनवेलला न्या’ असं सांगितलं गेलं की महामार्गानं इंदापूरवरून पुढे जायचं. या मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्यावरून जाताना कमरेत उसण भरल्यास कमरेचा पट्टा लागतो, आणि कमरेचा पट्टा विमा कंपनी देत नाही. का, ते पुढे येईलच.

रुग्णासोबत एकच माणूस थांबेल, असा रुग्णालयाचा नियम असतो. आपला नियम चौघांचा आहे: एक सही करायला, एक रडायला, एक मेडिकलमध्ये पळायला आणि एक ‘मी आधीच म्हणालो होतो’ असं म्हणायला. या चौघांचा चहा, वडापाव, लॉज आणि बुडालेली मजुरी यांपैकी काहीही दाव्यात बसत नाही. चौथ्या माणसाला घरी ठेवल्यास डिडक्टिबल ठळकपणे खाली येतं, पण तो ऐकत नाही.

आता खोली. इथेच सर्वांत जास्त माणसं बुडतात, म्हणून जरा सावकाश वाचावं.

ॲडमिट होताना काउंटरवरची मुलगी विचारते, ‘कुठली रूम हवी?’ अशा वेळी बोरिवलीचे मामा पुढे होतात आणि म्हणतात, ‘अगं, एवढा मेडिक्लेम आहे ना? मग जनरल वॉर्डात कशाला?’ मामांना तातडीनं खालच्या कँटीनला पाठवावं. आपल्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोजची ४,००० रुपये आहे आणि मामांनी ५,००० ची खोली पसंत केली, असं धरू. चार दिवसांचे चार हजार जास्त पडतील, असं मामा समजतात. कंपनी तसं समजत नाही. ती म्हणते, तुम्ही मर्यादेच्या सव्वापट खोली घेतलीत. तेव्हा खोलीबरोबर जे जे महागतं ते सगळं मी ऐंशी टक्केच देणार. सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं. औषधं, तपासण्या, वापरून टाकायचं साहित्य आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांना ही कात्री लावता येत नाही, एवढं विमा नियामकानं २०२० मध्ये कंपन्यांना बजावलं आहे.

समजा, बिल २,४०,००० रुपयांचं झालं. त्यातले १,२०,००० खोली, सर्जन आणि थिएटरचे. त्यांचे झाले ९६,०००. औषधं-तपासण्यांचे १,००,००० शाबूत राहिले. उरलेले २०,००० ‘देय नाही’ या सदरात गेले. कंपनीनं मान्य केले १,९६,०००. त्यातून डिडक्टिबलचे पन्नास हजार वजा, राहिले १,४६,०००. बाबा साठीच्या पुढचे, म्हणून दहा टक्के को-पे, म्हणजे आणखी १४,६०० तुमचे. कंपनीनं दिले १,३१,४००, तुम्ही दिले १,०८,६००. हेच गणित उलट क्रमानं, म्हणजे आधी को-पे आणि मग डिडक्टिबल असं केलं, तर कंपनी १,२६,४०० देते. कोणता क्रम ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. पाच हजारांचा फरक आहे. भिंग घेऊन बसायला हरकत नाही. मामांची खोली एकूण चोवीस हजारांना पडली.

या वाटणीनं ज्यांना धक्का बसेल त्यांनी खिडकीतून तळगडाकडे पाहावं. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात मिर्झाराजांनी महाराजांकडून २३ किल्ले घेतले आणि १२ ठेवले. त्या बारांत आपला तळगड होता, शेजारचा घोसाळगडही होता. पस्तिसांत तेवीस, म्हणजे पासष्ट टक्क्यांच्या वर को-पे. तरी महाराजांनी सही केली, कारण पुढे काय करायचं ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि १६७० पासून त्यांनी वजावट परत वसूल करायला घेतली. आपल्या पॉलिसीत तसं कलम नाही. मी शोधलं.

आता हातमोज्यांकडे. विमा नियामकानं प्रमाणित केलेल्या चार याद्या पॉलिसीच्या अगदी मागे, जिथं सहसा कोणी जात नाही तिथं छापलेल्या असतात. पहिलीत ६८ वस्तू आहेत. कंपनीनं मुद्दाम वेगळं संरक्षण दिलं नसेल, तर त्यांचे पैसे तुमचे. वाचनीय यादी आहे. क्रेप बँडेज, डायपर, मास्क, ग्लोव्हज, ईसीजीचे इलेक्ट्रोड, नेब्युलायझर किट, थर्मामीटर, गळ्याचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा आणि वर सांगितलेला कमरेचा पट्टाही. टीव्ही, टेलिफोन, मिनरल वॉटर, लाँड्री. ‘तपशील न दिलेलं कोणतंही किट’ अशीही एक नोंद आहे, तिच्यात विश्व सामावतं. जन्माचा दाखला यादीत आहे आणि शवागाराचं शुल्कही आहे. दोन्ही टोकांचा खर्च तुमचा, मधल्या भागाचं कंपनी बघते.

शस्त्रक्रिया देय, पण ती ज्या हातमोज्यांनी केली ते देय नाहीत, यावर बिलिंग काउंटरशी वाद घालू नये. समोरच्या मुलानं यादी केलेली नाही. त्यापेक्षा दुसरी, तिसरी आणि चौथी यादी बरोबर न्यावी. या तिन्ही याद्यांतल्या वस्तूंचे पैसे वेगळे लावायचे नसून ते अनुक्रमे खोलीभाडं, शस्त्रक्रिया आणि उपचार यांच्या दरातच धरायचे असतात. दुसऱ्या यादीत फाइल उघडण्याचं शुल्क, व्हिजिटर पास, मनगटावरची नावाची पट्टी, स्वच्छ चादर, टूथब्रश, कंगवा आणि चक्क ओडिकोलोन आहे. बिलात ‘फाइल चार्जेस’ दिसलं की शांतपणे म्हणावं, ‘दादा, हे रूममध्येच येतं ना?’ दादा आत जाऊन कोणाला तरी विचारून येतात. पुष्कळदा ती ओळ बिलातून जाते. या एका वाक्याचा परतावा बँकेच्या मुदतठेवीपेक्षा बरा आहे.

पहिल्या यादीवर उतारा म्हणून कंपन्या ‘कंझ्युमेबल्स कव्हर’ विकतात. हप्ता थोडा वाढतो. घरात वारंवार ॲडमिट होणारं माणूस असेल, तर घ्यावं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेवढ्या वाचलेल्या पैशांत हातमोजे बसू शकतात.

टॉप-अप, म्हणजे ठरावीक खर्चाच्या वरचंच देणारी पॉलिसी घेणाऱ्यांसाठी आजारांचं नियोजन अत्यावश्यक आहे. साध्या टॉप-अपचं डिडक्टिबल दर वेळच्या भरतीला नव्यानं मोजलं जातं. ते तीन लाखांचं असेल आणि वर्षात दोन-दोन लाखांची दोन आजारपणं झाली, तर कंपनी शून्य रुपये देते. अशा पॉलिसीधारकानं दोन लहान आजार टाळून एकच मोठा काढावा. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी सुपर टॉप-अप घ्यावा. तो वर्षभराची बेरीज करतो आणि याच उदाहरणात एक लाख देतो. दोन्हींच्या नावात फक्त ‘सुपर’चा फरक आहे. एजंट तो घाईत गिळतो.

इथवर वाचून ज्यांना घाम फुटला असेल त्यांनी कपाटातून रेशनकार्ड काढावं.

ही सूचना खरं तर पहिली द्यायला हवी होती, पण मार्गदर्शिकेत स्वस्त उपाय आधी सांगितला की पुढचं कोणी वाचत नाही. २ जुलै २०१२ ला राज्यानं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यांत आपला रायगड होता. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. २०२४ पासून ती पिवळं, केशरी, पांढरं असं कोणतंही रेशनकार्ड असलेल्या कुटुंबासाठी खुली आहे आणि संरक्षण वर्षाला पाच लाखांपर्यंत गेलं आहे. डिडक्टिबल नाही. को-पे नाही. हातमोजे पॅकेजमध्ये. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याला शोधावं. किंवा आधीच १५५३८८ वर विचारावं. आजार योजनेच्या यादीत हवा आणि रुग्णालय योजनेत हवं, एवढ्या दोन अटी सांभाळाव्यात. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डही उत्पन्न न विचारता मिळतं. आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे माणगावला किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

अडचण वेगळीच असते. बाबांचं नाव बरेचदा गावच्या कार्डातून कमी करून मुंबईच्या कार्डात चढवायला दिलेलं असतं आणि ते अजून चढलेलं नसतं. माणूस कोणत्याच कार्डात नाही, फक्त मेडिक्लेममध्ये आहे. अशा अवस्थेत आजारी पडू नये. आधी तहसील कचेरीत जाऊन यावं.

घरी आल्यावर साहित्याचा प्रश्न उरतो: वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी, नेब्युलायझर. दुकानदार नवं घ्या म्हणतो, कंपनी पहिल्या यादीकडे बोट दाखवते. पण तळ्याच्या परिसरातला वॉकर कधी एका घरात मरत नाही. खालच्या आळीतल्या काकूंच्या गुडघ्यासाठी आलेला वरच्या आळीतल्या आजोबांच्या खुब्याला जातो, तिथून नणंदेच्या सासरी घोसाळ्याला. त्याची खबर किराणा दुकानात अचूक मिळते. काही गावांनी रुग्णोपयोगी साहित्य केंद्र काढून अनामत घेऊन वस्तू द्यायची पद्धत लावली आहे. आपल्याकडे ती तोंडी चालते आणि अनामत म्हणून ‘लवकर परत द्या हां’ एवढं वाक्य घेतलं जातं. रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगून जनऔषधी दुकान गाठावं. घरात मधुमेही असेल, तर हप्त्यापेक्षा इथंच जास्त वाचतं. हातमोजे-पट्ट्यांच्या बाबतीत मात्र पुनर्वापर नको. एकदा वापरून टाकायचं म्हणजे टाकायचं, चूल पेटवायलासुद्धा नाही.

शेवटी कागद. कॅशलेस असेल, तर २०२४ च्या नियमानुसार भरतीची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत यायला हवी. उशिरामुळे रुग्णालयानं जादा पैसे लावले, तर ते कंपनीनं आपल्या भागधारकांच्या निधीतून द्यायचे. हे रुग्णालयातल्या विम्याच्या, म्हणजे टीपीए डेस्कवर मोठ्यानं, पण नम्रपणे म्हणावं आणि घड्याळाकडे पाहावं, कारण खरी चिंता तळ्याच्या शेवटच्या एसटीची असते. कॅशलेस नाकारलं गेलं, तर बिल भरून प्रत्येक पावती जपावी. डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं, तपासण्यांचे अहवाल, रद्द केलेला चेक. मूळ प्रती कंपनीला, झेरॉक्स आपल्याकडे. दावा नाकारला, तर कारण लेखी मागावं, आधी कंपनीकडे तक्रार करावी आणि महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जावं. तिथं फी नाही, वकीलही लागत नाही.

पॉलिसीत दिलेल्या मुदतीत सगळे कागद एका पाकिटात घालून कुरिअर करावेत. झेरॉक्सचे आणि कुरिअरचे पैसे पहिल्या यादीत आहेत.