दोघंच जाऊ या : कोलकाता सहलीची प्राथमिक पाठमाला

लग्नाला चार-सहा वर्षं झालेल्या जोडप्यांना दिवाळीच्या आगेमागे एक उबळ येते. "या डिसेंबरात आपण दोघंच कुठंतरी जाऊ या. निवांत." घाबरू नका. उबळ साधी आहे. वेळीच नीट नियोजन केलं तर आठवडाभर एका शहरात, एका खोलीत राहूनही एकमेकांशी दहा मिनिटं सलग न बोलता दोघंही धडधाकट घरी परततात. हजारो जोडप्यांनी हे करून दाखवलं आहे. तुम्हालाही जमेल.

१. ठिकाण जपून निवडा

हिल स्टेशनच्या वाटेला जाऊ नका. तिथे शेकोटी असते, व्हरांडा असतो, आणि व्हरांड्यात वेताच्या दोनच खुर्च्या असतात, त्याही समोरासमोर. पहिल्याच संध्याकाळी बोलायची वेळ येते. नवशिक्यांनी हा धोका पत्करू नये.

त्यापेक्षा कोलकाता बरं. डिसेंबरात त्या शहराच्या अंगात येतं. नाताळ, नवं वर्ष, नोलेन गुडाची मिठाई, मैदानावरचं क्रिकेट, सगळं एकाच वेळी. थंडी म्हणाल तर पुणेकराला हाफ स्वेटर पुरेल एवढीच, पण तिथले लोक ती मनापासून साजरी करतात. पारा पंधराच्या जवळ आला की धडधाकट गृहस्थ सकाळी दूध आणायला माकडटोपी घालून निघतात.

शिवाय घरच्यांना पटेल असं ऐतिहासिक कारणही हाताशी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला. नाव 'मराठा डिच'. मराठे शहरात आलेच नाहीत, खंदकही अर्धवट राहिला. पुढे तो बुजवला आणि त्याच्या बऱ्याच भागावरून सर्क्युलर रोड गेला. राहिलेली मोहीम पुरी करायला निघालोय, असं सासऱ्यांना सांगा. रजेपेक्षा ही परवानगी लवकर मिळते.

२. तारीख सगळ्यांना विचारून ठरवा

मार्गशीर्षातले गुरुवार वगळा. सवाई गंधर्वचे दिवस वगळा. चुलतभावाच्या मेहुणीचं लग्न वगळा, कारण "तुम्ही नाही आलात तर कसं दिसेल?" ऑफिसातलं 'इयर एंड' वगळा. चाळणीतून जे उरतं ते २४ डिसेंबर ते १ जानेवारी. म्हणजे अख्खा देश घराबाहेर पडतो नेमके तेच दिवस. बिनधास्त तेच घ्या.

विमानाचं भाडं पाहून धक्का बसेल. बसू द्या, आणि मग पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसचा विचार करा. दोन रात्री आणि मधला एक दिवस, सहप्रवाशांसकट. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठ वाजता. बरोब्बर सात एकोणसाठला जोडीदाराला विचारा, "तुला काय वाटतं, लोअर घेऊ की साइड लोअर?" उत्तर येईपर्यंत वेटिंग लागलेलं असेल. 'तुझ्यामुळे' की 'तुझ्याचमुळे' हा वाद मात्र लगेच उरकून टाकू नका. मनमाडला सुरू केला तर बिलासपूरपर्यंत आरामात पुरतो.

३. गुप्तता पाळा

कुणालाही सांगायचं नाही, असं दोघांनी मिळून ठरवा. मग आपापल्या आईला सांगा.

संध्याकाळपर्यंत यादी तयार होते. सासूबाईंना कोलकाता कॉटनची साडी, "फार महागाची नको, पण चारचौघीत बरी दिसेल अशी." मावशींना तशीच, पण तशीच नको. शेजारच्या काकूंना देवघरात ठेवायला शंख, तोही वाजणारा. दुकानात वाजवून बघायचा. मामांना होमिओपॅथीचं एक पुस्तक, ज्याचं नाव त्यांना आठवत नाही, पण कव्हर हिरवं आहे.

याच टप्प्यावर आत्या म्हणतील, "आमचंही कधीपासून कोलकाता राहिलंय बघ." यानंतर दोन सेकंदांची शांतता असते. त्या शांततेत सभ्यपणापोटी तोंड उघडलंत तर 'दोघंच'चे सहा होतील आणि हावडा स्टेशनवर टेंपो ट्रॅव्हलर उभी असेल. नवशिक्यांनी खोकल्याची उबळ वापरावी. पुढच्या पातळीवर गेलेले लोक "अगंबाई, दूध उतू गेलं" म्हणून फोन ठेवतात, ते ऑफिसात असले तरी.

४. तक्ता आखा

निवांतपणाचा खरा शत्रू म्हणजे मोकळा वेळ. एक्सेल उघडा आणि तो पूर्ण बुजवा. आपला कुलमंत्र साधा आहे : 'आलोच आहोत तर'. दक्षिणेश्वर, १८५५ चं देऊळ, आलोच आहोत तर. तिथून बेलूर मठ, पण तो दुपारी बंद असतो, म्हणून धावत. इंडियन म्युझियम, १८१४ पासूनचं, आलोच आहोत तर ममी बघू. जोडासांकोला ठाकूरबाडी, कॉलेज स्ट्रीटवर कॉफी हाउस, हावडा ब्रिजखालचा फुलबाजार पहाटे. म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं सोमवारी बंद असतात. सबब दोन्ही सोमवारीच ठेवा. बंद दारापुढं उभं राहून "तू बघितलं नव्हतंस?" म्हणण्याची संधी दोघांनाही समान मिळते.

हुगळीच्या पोटातून जाणारी मेट्रो मार्च २०२४ मध्ये सुरू झाली. नदीखालचा टप्पा ५२० मीटरचा, पाऊण मिनिटात संपतो. या पाऊण मिनिटात जोडीदाराचा हात धरावा, असं काही भाबड्या लोकांना वाटतं. हात रिकामे कुठं असतात? व्हिडिओ काढायचा असतो. व्हिडिओत निळे दिवे येतात, काचेत उमटलेला आपला मोबाइल येतो, आणि मागून कुणाचा तरी आवाज : "एटा की जोलेर नीचे?" घरच्या ग्रुपवर टाका. पाणी कुठं दिसतंय, असं बाबा विचारतील. समजावून सांगण्यात पुढची दोन स्टेशनं जातात.

प्रेमासाठी वेगळा रकाना ठेवायला विसरू नका. 'प्रिन्सेप घाट, नाव, ४.१५ ते ४.४५.' पाचला पुढचं आहे.

५. नाताळच्या रात्री पार्क स्ट्रीट

हा पाठ सावकाश वाचा. साऱ्या सहलीचं यश यावर आहे.

२५ तारखेच्या संध्याकाळी चौरंगीच्या तोंडाशी उभे राहा. डोक्यावर दिव्यांच्या कमानी, रस्त्यावर गाड्यांना मज्जाव, आणि समोर लाल टोप्यांचा महापूर. पाऊल उचलायची गरज नाही, फक्त उचललं जाऊ द्या. ॲलन पार्कमध्ये २०११ पासून नाताळ महोत्सव भरतो. तिथं गाणं चालू असेल. ते तुम्हाला ऐकू येईल, दिसणार नाही. दिसेल ती समोरच्या काकांच्या खांद्यावरची मुलगी, आणि तिच्या डोक्यावरची उघडझाप करणारी शिंगं. अशी शिंगं तुम्हीही घ्या. पन्नास सांगतील, तीसला मिळतील, आणि हॉटेलवर जाईपर्यंत एकाच बाजूचं पेटत असेल.

गर्दीत जोडीदार हरवणं हे अपयश समजू नका. उलट, "कुठं आहेस?" "फ्लुरीजसमोर." "मी पण फ्लुरीजसमोर." "मग दिसत का नाहीस?" असा या सहलीतला सर्वांत दीर्घ आणि उत्कट संवाद तिथंच होतो. (हे दुकान १९२७ पासून त्याच रस्त्यावर आहे. त्याच्यासमोर त्या रात्री किती जण एकाच वेळी उभे असतात, हे त्याचं त्यालाच ठाऊक.)

मग जेवण. पीटर कॅटचा चेलो कबाब खायचाच, असं तक्त्यात लिहिलेलं असणार, कारण सगळ्यांच्याच तक्त्यात ते असतं. दारात वहीवाला गृहस्थ उभा असतो. नाव लिहून घेतो. 'कुलकर्णी'चं 'कुलकोर्नी' होतं. दुरुस्त करत बसू नका, नंबर जाईल. तासाभराने, त्याहून जास्त वेळानेही, आत जागा मिळते. भातावर लोण्याचा गोळा, अंडं, कबाब. चव खरंच छान असते. पण खाताना दाराच्या काचेला नाक लावून पुढची चार कुटुंबं तुमचा प्रत्येक घास मोजत असतात, त्यामुळे माणूस आपोआप घड्याळ लावून जेवतो. यालाच 'कँडललाइट डिनर' म्हणतात. निदान स्टेटसवर म्हणतात.

पाय दुखले का? दुखणारच. बिचारे. पण अजून सेंट पॉल्स कॅथीड्रल राहिलंय. आलोच आहोत तर.

६. पाच वाजता रात्र होते, तयारीत राहा

याची कल्पना कुणी देत नाही, म्हणून देतो. डिसेंबरात कोलकात्यात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. पुण्यात त्यानंतर तासभर तरी उजेड असतो. आपल्याला सवय ती. तक्त्यातल्या साडेपाचच्या 'सनसेट' रकान्यात तुम्ही दाट काळोखात सेल्फी काढत असाल. त्यापुढची लांबलचक संध्याकाळ फार घातक. हॉटेलच्या खोलीत परत गेलात, चहा मागवला, आणि टीव्हीचा रिमोट चालला नाही, तर काय होईल? सांगता येत नाही. खरेदीला जा.

एक इशारा. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत गेलात तर तळ्याच्या बाजूला बाकांवर स्थानिक जोडपी दिसतील. उन्हाचं निमित्त करून छत्री उघडलेली, छत्रीमागे दोन डोकी. तक्ता नाही, यादी नाही, मिठाईची पिशवी नाही. शेंगदाण्याचा एक ठोंगा आणि अख्खी दुपार. एकेक जोडपं तीन-तीन तास हलत नाही. १९२१ सालची इमारत मागे उभी असते, तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांच्याकडे टक लावून पाहू नका. हे लोक व्यावसायिक आहेत. त्यांचं बघून आपणही तसंच बसावं, असं बायकोला वाटू लागलं तर पटकन घड्याळ दाखवा.

७. खाण्याचं

पहिल्या दिवशी मासे, दुसऱ्या दिवशी बिर्याणीतला बटाटा, तिसऱ्या दिवशी दोघांपैकी एकाला पोळी आठवते. म्हणून बॅगेत दशम्या, दाण्याची चटणी आणि चिवडा असू द्या. आईंनी दिलेच असतील. चिवड्याचा डबा रात्री अकराला हॉटेलच्या पलंगावर उघडावा. सांडलेला चिवडा वेचता वेचता झोप येते.

८. खरेदी आणि पुरावे

यादी काढा. गडियाहाटच्या फुटपाथवर साड्यांचे ढीग असतात. प्रत्येक साडीचा फोटो मावशींना पाठवा. निळ्या टिकचा रंग साडीच्या रंगापेक्षा महत्त्वाचा आहे. "काठ जरा बारीक असते तर" असं उत्तर येईपर्यंत दुकानदाराला धरून ठेवणं हे नवऱ्याचं काम. न्यू मार्केटात नाहूमच्या बेकरीसमोर (१९०२ पासून) फ्रूटकेकसाठी रांग असते. उभे राहा. एकाने रांगेत, दुसऱ्याने शंखाच्या शोधात. पुन्हा एकदा दोघं वेगवेगळे, आणि कुणाला अपराधी वाटायचं कारण नाही.

फोटोंबाबत एकच नियम. रोज किमान एक फोटो असा हवा, ज्यात दोघं एकमेकांकडे बघून हसताय. तो काढायला तिसरा माणूस लागतो. आपल्यासारखंच एखादं जोडपं गाठा, त्यांचा तुम्ही काढा, तुमचा ते काढतील. बहुधा ठाण्याचे निघतील. मग चौघं मिळून जेवायला जा. गप्पा रंगतील, हशा पिकेल. सहलीतली सगळ्यात सुंदर संध्याकाळ तीच, असं नंतर दोघांचंही एकमत होतं.

९. परतीचा प्रवास

नोलेन गुडाचा संदेश दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि वाटायची घरं अकरा असतात. म्हणून घरी पोचल्या पोचल्या आंघोळीआधी वाटप सुरू करा. मातीच्या भांड्यातलं मिष्टी दोई आणू नका. आणलंच असेल तर बॅगेतल्या इतर कपड्यांचं फारसं मनाला लावून घेऊ नका.

सासूबाई डबा हातात घेऊन प्रेमाने विचारतील, "दोघांनाच छान वेळ मिळाला असेल ना?" हा एकच प्रश्न अवघड आहे. "हो ना!" म्हणा आणि त्याच श्वासात साडी पुढे करा. रंगावर बोलणं सुरू झालं की तुम्ही सुटलात. रंग आवडलाच नाही तर फारच उत्तम. हा विषय संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत चालतो.