क्लचत्यागी

मनुष्याने त्याग कशाचा करावा याविषयी आपल्या धर्मशास्त्रांनी पुष्कळ ऊहापोह केलेला असला, आणि कोणी कांदालसूण, कोणी पादत्राणे, तर कोणी प्रत्यक्ष प्रपंच सोडल्याची उदाहरणे गावोगाव आढळत असली, तरी एम.एच. 26 आणि एम.एच. 24 या दोन क्रमांकांच्या मुलखात, म्हणजे नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत, मोटारसायकलीच्या क्लचचा त्याग करून उरलेले आयुष्य त्या त्यागाची प्रौढी सांगण्यात घालवणारा जो एक गृहस्थवर्ग नांदतो, त्याची दखल अद्याप कोणी घेतलेली नाही. दिसायला हा गृहस्थ चारचौघांसारखाच असतो. वय चाळिशीच्या पुढेमागे, व्यवसाय बियाण्या-खतांच्या दुकानाचा, विम्याचा किंवा मास्तरकीचा, वाहन बहुधा स्प्लेंडर; परंतु गाडी रस्त्याला लागली की त्याचा डावा हात मुठीवरून अलगद उतरतो आणि एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याप्रमाणे मांडीवर विसावतो. त्या हाताला पुढे अहमदपूर येईपर्यंत काही कामकाज नसते.

त्याच्या मागे बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना ठाऊक असेल की, प्रवास हे केवळ निमित्त असून परीक्षा हाच मुख्य कार्यक्रम असतो. नांदेडचा गोदावरीवरचा पूल ओलांडून लोह्याची वाट धरली की तो मान किंचित मागे वळवून विचारतो, “पाहुणे, काही जाणवलं का?” पाहुण्याला उन्हाचा चटका आणि खिशातल्या किल्ल्यांची टोचणी यांखेरीज काही जाणवलेले नसते, तो संकोचाने नकार देतो. “कसं जाणवंल? तिसरा टाकला, चौथा टाकला. क्लचला हात लावला असंल तर सांगा!” यानंतर पाहुण्याने विस्मय व्यक्त करणे हा भाड्याचा भाग समजावा.

त्याचा दावा खोटा आहे असे मात्र कोणी समजू नये. मोटारसायकलीच्या गिअरपेटीत प्रत्येक गिअरची दातेरी चक्रे एकमेकांत सदैव गुंतलेलीच असतात. गिअर बदलणे म्हणजे चक्रांच्या अंगावरच्या खुंट्या शेजारच्या चक्राच्या खाचांत सरकवणे, एवढेच. इंजिनाचा जोर अंगावर आहे तोवर या खुंट्या घट्ट रुतून बसतात. तो जोर क्षणभर ओसरला की त्या मोकळ्या होतात. क्लच हा जोर तोडण्याचा राजमार्ग; परंतु उजव्या मनगटाने रेस डोळ्याचे पाते लवावे इतका वेळ सोडली, तरी तोच परिणाम घडतो. आपला गृहस्थ नेमके हेच करतो. गिअरच्या दांड्यावर पायाच्या पंजाने आधीच हलका दाब देऊन ठेवायचा, मनगट मुरडायचे, आणि दांडा स्वतःहून खाली गेला की मनगट पुन्हा पूर्ववत करायचे. हा सारा व्यवहार इतका मुकाट्याने उरकतो की पाहणाऱ्याला तो केवळ अंग सावरून बसला असे वाटावे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने परवाने देताना गिअरची मोटारसायकल आणि विनागिअरची मोटारसायकल असे दोन वर्ग केले. गिअर आहे पण क्लच नको, असे म्हणणाऱ्या या तिसऱ्या वर्गाची मात्र कायद्याने उपेक्षाच केली, असे त्याचे गाऱ्हाणे आहे.

ही विद्या त्याला लाभली कशी, याची हकिकत तो सांगतो ती निराळी आणि घडलेली निराळी. सांगताना तो इंधनाची बचत, क्लचप्लेटचे दीर्घायुष्य आणि परदेशी शर्यतपटूंचा दाखला अशी भारदस्त कारणे पुढे करतो. वस्तुतः कधी काळी लोहा आणि माळाकोळी यांच्या दरम्यान, तिन्हीसांजेला, त्याच्या गाडीची क्लचवायर मुठीजवळ तुटलेली असते. आसपास दुकान नसते, मागे सौभाग्यवती आणि पुढे टाकीवर चिरंजीव असतात. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये चालू करायची, कुटुंबाने मागून ढकलायची, दोन पावले धावून गिअर घालायचा आणि गचका सोसून निघायचे, हा मराठवाड्यातील प्रत्येक दुचाकीस्वाराला कधी ना कधी घडणारा आपद्धर्म आहे. इतर लोक घरी पोचल्यावर वायर बदलतात आणि विषय संपवतात. याने वायर बदलली. पण आपद्धर्मालाच नित्यधर्माचा हुद्दा देऊन टाकला. ज्यांनी गाडी ढकलली त्या सौभाग्यवतींचे नाव या हकिकतीच्या दप्तरात कोठेही दाखल नाही.

या पंथाचे एक जुने पीठही आहे. म्हैसूरला 1961 पासून जावा मोटारसायकली होऊ लागल्या, 1973 पासून त्यांना येझदी हे नाव मिळाले, आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. परंतु त्या गाड्यांवर उमेदीची वर्षे काढलेले निवृत्त मंडळ अधिकारी आणि साखर कारखान्यांचे स्लिपबॉय आजही पारावर बसून, “आम्ही उभ्या जन्मात क्लच दाबला नाही,” असे सांगतात, आणि तरुण क्लचत्यागी त्यांच्यापुढे नम्र होतो. यातली मेख मिस्त्री लोकांना माहीत आहे. त्या गाडीत गिअरचा दांडा दाबला की आतल्या आत क्लच आधी आपोआप सुटत असे आणि मगच गिअर बदलत असे. निजामी अमदानीत पेशकाराने मिसल तयार करावी, मसुदा लिहावा, सही कोठे करायची ती जागा बोटाने दाखवावी, आणि सही करणाऱ्या साहेबाने ‘आम्ही निकाल दिला’ म्हणून मिशांवर ताव द्यावा, त्यातलाच हा प्रकार. गुरूने क्लच दाबला नाही हे खरे; पण क्लच दाबला गेला नाही, असे मात्र नव्हे.

शिष्याच्या गाडीत असा पेशकार नाही, आणि म्हणून त्याच्या व्रताची खरी कसोटी मार्गशीर्षाच्या अखेरीस लागते. माळेगावची खंडोबाची यात्रा भरली की नांदेड-लातूर रस्त्यावर घोडे, गाढवे, उंट, उसाचे ट्रॅक्टर, तमाशाचे ट्रक आणि राज्य परिवहनाच्या बसगाड्या यांची अशी दाटी होते की पुढे सरकायचे ते हातभर. धावत्या गाडीला क्लच नसला तरी चालते. रांगत्या गाडीला तो लागतोच, कारण इंजिन फिरत ठेवून चाक अर्धवट थोपवण्याचे काम हाफ क्लचवाचून दुसरे कोणी करू शकत नाही. शिवाय गिअर वर चढवताना मनगट किंचित सोडले की भागते, पण खाली उतरवताना रेस नेमकी हवी तेवढीच वाढवून जुळवावी लागते. ती साधली नाही तर पेटीतून असा एक खडखडाट निघतो की पुढच्या घोड्याचे कान उभे राहतात. अशा वेळी आपला गृहस्थ काय करतो? तो गळ्यातला रुमाल काढून डाव्या मुठीवर टाकतो, आणि रुमालाखाली दोन बोटे हळूच क्लचवर नेतो. हे पाहिले तरी न पाहिल्यासारखे करावे. लातूरच्या गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते एकत्र येतात आणि प्रत्येक रस्त्यावरून कोणी तरी आपल्याच अंगावर येत असते, तेथे तर हा रुमाल हटतच नाही. आणि पहिल्या गिअरचा विषय तर त्याच्यापुढे काढूच नये. उभ्या गाडीवरून निघताना तोही तुमच्या-आमच्यासारखाच क्लच दाबतो, परंतु ते ‘गाडी चालवण्यात धरायचे नसते’.

या सर्व व्यवहाराचा हिशेब अखेर मिस्त्रीच्या ओट्यावर होतो. तेलाने काळवंडलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर मिस्त्री तिसऱ्या गिअरचे चक्र ठेवतो, खुंटीच्या कडेवरून अंगठा फिरवतो. नव्या चक्राची कड काटकोनात धारदार असते; ही गुळाच्या खड्यासारखी गोल झालेली असते. “मालक, प्लेटी नव्या कोऱ्या हायत बगा,” मिस्त्री आदरपूर्वक म्हणतो, “पण गेर उडायलाय.” मालकाचे लक्ष पहिल्या अर्ध्या वाक्यावरच खिळते, तो शेजारच्या बाकावरच्या गिऱ्हाइकाकडे वळून सांगतो, “ऐकलं का? प्लेटी नव्या!” क्लचप्लेट बदलायची तर इंजिनाचे एका बाजूचे झाकण उघडले की काम भागते, गिअरचे चक्र बदलायचे तर अख्खे इंजिन सांगाड्यातून उतरवून दोन फाळ्या कराव्या लागतात, आणि या दोन्हींच्या मजुरीत जो फरक आहे तो मिस्त्रीच्या मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडतो. हा मुद्दा कोणी काढलाच तर गृहस्थ तेलाच्या दर्जावर घसरतो.

अलीकडे काळानेही त्याची बाजू घेतल्यासारखे केले आहे. टी.व्ही.एस. कंपनीने 2009 मध्ये जाइव्ह नावाची, क्लचची मूठच नसलेली मोटारसायकल काढली होती. आणि चाकणला तयार होणाऱ्या के.टी.एम.च्या मोठ्या गाड्यांत आता अशी योजना असते की दांड्याला पाय लागताच इंजिनातली ठिणगी क्षणमात्र तोडली जाते आणि क्लचविना गिअर पडतो. “आम्ही वीस वर्षं झाले हेच करायलोत,” असे तो म्हणतो, तेव्हा त्यात तथ्य आहे. त्या यंत्राला वेळ चुकत नाही आणि याला चुकते, एवढाच भेद.

तेव्हा नांदेड-लातूरकडे जुनी गाडी घ्यायला गेलात आणि मालक ‘क्लचप्लेट कंपनीचीच आहे, अजून हात लावला नाही’ अशी अभिमानाने ग्वाही देऊ लागला, तर वाचकहो, त्या ग्वाहीवर भाळू नका. गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या, तिसऱ्या गिअरमध्ये रेस एकदम सोडा आणि एकदम द्या. गिअर निसटला तर किल्ली मालकाच्या हाती परत करून सरळ एस.टी. धरा.