थांबा, चॅनेलवाले यायचेत

तालुक्याच्या गावात पत्रिकेवर वेळ दहाची छापलेली असली, तरी नारळ फुटतो तो चॅनेलवाला आल्यावर. तोवर पाहुणे घाम पुसत बसतात आणि संयोजकांचा डोळा फाटकावर. मग मोटारसायकल येते. बातमीदार, कॅमेरामन, संकलक, निवेदक आणि जाहिरातींचे पैसे वसूल करणारा असे पाचजण तिच्यावरून उतरतात. दिसतो मात्र एकच.

"साहेब, नारळ परत फोडा. अँगल नाही मिळाला."

साहेब म्हणजे आमदार. पक्षश्रेष्ठींनाही जुमानत नाहीत. इथे मुकाट्याने पुन्हा वाकतात. जाणते संयोजक म्हणूनच नारळ जास्तीचे आणून ठेवतात.

हा गडी मूळचा केबलवाला. 1990 च्या आसपास गच्च्यांवरून वायरी टाकून व्हीसीआरवरचे सिनेमे घरोघर पोचवायचा. कॅसेट बदलताना 'उद्या पाणी येणार नाही' अशी पाटी दाखवायचा; सिनेमापेक्षा पाटीचीच चर्चा जास्त व्हायची, हे त्याने हेरलं. पुढे 1995 मध्ये केबलचा कायदा आला, 2012 मध्ये मुंबईपासून सेट टॉप बॉक्सची सक्ती सुरू झाली आणि ती हळूहळू तालुक्यापर्यंत पोचली. कितीतरी छोटे केबलवाले मोठ्या कंपन्यांचे वसुलीदार होऊन बसले. हा टिकला. चॅनेलचा नंबर तेवढा इतका लांब गेला, की रिमोटची बटणं झिजली. पण ज्यांचा सत्कार झालेला असतो, ते शोधतातच.

स्टुडिओ म्हणजे घरातली मागची खोली आणि एक हिरवा पडदा. गटार तुंबल्याची बातमी हा न्यूयॉर्कच्या इमारतींपुढे बसून देतो. एकदा महिला मंडळाच्या अध्यक्षा श्रावणानिमित्त हिरवी साडी नेसून मुलाखतीला आल्या. त्या रात्री गावाला अमेरिकेवर तरंगणारं एक मस्तक आणि दोन हात दिसले. यजमानांना मुलाखत फार आवडली म्हणतात.

खालची पट्टी हा खरा धंदा. युवा नेत्याला उदंड आयुष्याच्या शुभेच्छा, आणि त्यांना चिकटूनच 'दशक्रिया विधी सकाळी साडेसातला, नदीघाट'. कुणी तक्रार केली तर म्हणतो, "दोघांचेही पैसे आलेत. मधे गॅप सोडायचा तर तिसरी जाहिरात द्या."

त्याचा आवडता शब्द 'दणका'. मंत्री येणार म्हणून पालिकेने रातोरात खड्डे बुजवले, की हा ओरडतो, 'आमच्या बातमीचा दणका!' लांबलेला पाऊस पडला तेव्हाही त्याने हे श्रेय घेतलंच. आम्ही हसतो. पण महापुरात कुठला पूल पाण्याखाली गेला आणि कुठल्या शाळेत जेवणाची सोय आहे, हे कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तोच सांगत होता. तेव्हा गावात कुणी हसलं नव्हतं. मुंबईची ओबी व्हॅन आली ती पाणी ओसरल्यावर, घाटातला रस्ता सुरू झाला तेव्हा. त्यांनी याचीच दृश्यं मागून घेतली, दिवसभर दाखवली. नाव कुठेच नाही.

आम्हाला वाटलं, खट्टू होईल. रात्री बातमीपत्र लावलं तर पहिलीच बातमी: 'आमच्या बातमीचा दणका! मुंबईच्या चॅनेलांना अखेर आली जाग. बातमीचे प्रायोजक…'