जावईबापूंना घर आवडलं

आमच्या धुळेकर जावईबापूंना जळगावचं घर आवडायला लागलं ते थेट घटस्फोट ठरल्यावर. तोवर दर मे महिन्यात ‘हे घर आहे की भट्टी?’ हा त्यांचा श्लोक ठरलेला. धुळ्यात कशा सरळ गल्ल्या, गल्लीला नंबर, नुसत्या नंबरावर माणूस सापडतो, वगैरे. भाची मात्र घराविरुद्ध चकार शब्द ऐकून घेत नसे.

मग ठरलं की घर भाचीने ठेवायचं आणि जावयांना त्यांच्या निम्म्या हिश्श्याचे पैसे द्यायचे. त्या दिवसापासून जावयांना भाव चढा हवा झाला, भाचीला उतरता. आणि दोघांनी घराबद्दलची मतं एकमेकांना देऊन टाकली.

वाटण्या आमच्याकडे जुन्याच. १९०६ साली इंग्रजांनी खान्देशाचे दोन तुकडे केले. पूर्वेत जळगाव गेलं, पश्चिमेत धुळं. तेव्हा मोरीतली ओल कुणी मोजली नसावी. इथे मात्र शासनमान्य मूल्यांकनकार आले. या मंडळींची नोंदणी १९५७ च्या संपत्तीकर कायद्याखाली होत आली. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, तरी मूल्यांकनकार आहेतच. काडीमोडानंतरही नांदणारं एवढंच एक खातं मी पाहिलंय.

साहेबांनी लेझरचं यंत्र भिंतीला टेकवलं, तशी भाची पुढे सरसावली. “ही भेग लिहा साहेब. बोट जातं, बघा.” घर काळ्या मातीवरचं. ती माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते आणि भिंती तडकवते.

“रेघा आहेत हो साध्या,” जावई म्हणाले. “त्यापेक्षा वारा बघा इथला!” बाहेर पारा पंचेचाळीसवर, कूलरमधलं पाणी संपलेलं. इतकी वर्षं पाहुण्यांपासून ज्या कॅलेंडरमागे ओल लपवली, ते भाचीने स्वतः काढलं. जावयांनी परत लावलं.

“मामा, तुम्हीच सांगा, गळतं की नाही?”

“मामा, तुम्हीच सांगा, झोप कशी गाढ लागते इथे!”

मी दोन्हीला मान डोलावली. गळत होतं, हे खरं. आणि झोप मला कुठेही लागते.

अहवाल आला. रेडी रेकनरचा दर, बाजारभाव, बांधकामाच्या वयाप्रमाणे घसारा, सगळं रीतसर. खालचा आकडा वाचून दोघं एका सुरात म्हणाले, “शक्यच नाही!” कित्येक वर्षांनी त्यांचं एकमत झालं.

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. “गोव्यात लग्न लावलं असतं आणि आधी वेगळा करार नसता, तर मिळकत निम्मी-निम्मी हे कायद्यानेच ठरलं असतं. इथे तुमचं तुम्हीच ठरवा. पैसे घेऊन हिस्सा सोडाल, तर किमतीवर मुद्रांक शुल्क बसेल. बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलंत, तर शुल्क दोनशे रुपये. वरचा खर्च वेगळा.”

“दोनशे?” जावई खुर्चीत सावरून बसले.

“हो. पण कोर्टाचा हुकूम व्हायच्या आत, म्हणजे ती बायको आहे तोवर. आणि कागदात लिहावं लागेल, ‘प्रेमापोटी व मायेपोटी देत आहे.’”

भाचीने पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती.

“लिहितो की,” जावई म्हणाले. “प्रेम आहे म्हणून लिहायला आपलं काय जातं?”

“आणि बक्षिसात मोबदला नसतो. एक रुपयासुद्धा घेता येणार नाही.”

जावयांनी पेनला टोपण लावलं. “मग प्रेमाचं राहू द्या,” ते म्हणाले. “किमतीचंच बोलू.”