अरे, अहो आणि माउली

पळताना पाय दुखतात हे सगळेच सांगतात. डोकं किती बडबडतं, ते कुणी सांगत नाही.

मी रोडपालीत राहतो आणि पन्नाशीच्या तोंडावर हाफ मॅरेथॉनचा, म्हणजे २१ किलोमीटरचा, फॉर्म भरून बसलो आहे. पहाटे साडेपाचला तळ्यापासून निघायचं, कळंबोलीच्या स्टील मार्केटकडे वळायचं, रस्त्याकडेला झोपलेल्या ट्रेलरांना न उठवता परत यायचं. वारा तळोजा एमआयडीसीकडून असला की दीर्घ श्वास घ्यावा की नाही, हा वेगळाच प्रश्न. पहिले दोन किलोमीटर मी पळतो. तिसऱ्याला मन वकीलपत्र घेतं. गुडघा कुरकुरला का? गॅस बंद केलास? होमलोनची नऊ वर्षं बाकी आहेत, विसरलास?

जाणकार म्हणतात, अंतराचे तुकडे करा. मी सेक्टरवार केले. पण सतरानंतर अठरा येईलच, अशी हमी सिडकोने कधी दिलेली नाही. मग वाचलं की मॉर्गन आणि पोलॉक या संशोधकांनी १९७७ साली अव्वल मॅरेथॉनपटूंना विचारलं होतं, तेव्हा ते पळताना शरीराचंच ऐकतात असं निघालं. मीही ऐकलं. शरीर म्हणालं, घरी चल.

२००९ सालचा मार्कोरा या संशोधकाचा प्रयोग मात्र मला मनापासून पटला. दीड तास डोक्याला शीण देणारं काम करून सायकलवर बसलेले लोक लवकर हरले. हृदय, फुप्फुसं ठणठणीत, पण तेच पेडल त्यांना जड वाटू लागलं. आमच्या सोसायटीची पार्किंगवरची मीटिंगही बरोबर दीड तास चालते. दुसऱ्या दिवशी मी तळंसुद्धा ओलांडत नाही.

शेवटी स्वतःशी बोलण्याचा उपाय उरला. २०१९ साली वेल्सच्या बँगोर विद्यापीठातल्या संशोधकांनी १६ जणांना १० किलोमीटर सायकल चालवायला लावली. ‘मी हे करू शकतो’ म्हणण्यापेक्षा ‘तू हे करू शकतोस’ म्हणताना ते सुमारे दोन टक्क्यांनी वेगात गेले. इंग्रजांचं बरं असतं, एका ‘यू’मध्ये भागतं. मराठी माणसाने स्वतःला काय म्हणावं?

‘अरे, पळ!’ म्हणून पाहिलं. मन म्हणालं, अरे कुणाला म्हणतोस? मग ‘अहो, पळा ना’. हा आवाज बायकोचा निघाला आणि त्यापाठोपाठ दळण, गॅसचा नंबर आणि तिच्या मावसबहिणीचं लग्न आलं. ‘आपण प्रयत्न करावा’ म्हणालो, तर बँकेतून फोन आल्यासारखं वाटलं. मनाने तो कट केला.

एवढ्यात तळ्याच्या कडेने टोपली घेऊन निघालेल्या एका आजीने विचारलं, ‘‘कनाला धावतस रं बाला? मागं कुत्रा तं नाय ना?’’ कुत्रा नव्हता. असता तर यातलं काहीच लिहावं लागलं नसतं.

मग आई आठवली. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर, अडीचशेच्या आसपास किलोमीटर, ती साध्या चपलांत चालून आली होती. दिवेघाटात दम लागला तर काय करायचीस, असं विचारलं तेव्हा म्हणाली, ‘‘दम लागायला वेळ कुठं? टाळ चालू, तोंड चालू, आणि मागचा म्हणतोय, चला माउली.’’ वारीत सगळेच एकमेकांना माउली म्हणतात. अरे नाही, अहो नाही, प्रश्नच मिटला!

पुढच्या रविवारी सातव्या किलोमीटरला मी मोठ्याने म्हणालो, ‘‘चला माउली!’’ आणि खरंच पाय उचलले. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा समोरून तुळशीची माळ घातलेले एक आजोबा फिरायला येत होते. त्यांना वाटलं हाक त्यांनाच आहे. ते थांबले, ‘माउली!’ म्हणत वाकून माझ्या पायांना हात लावला. आता वारीची रीत, मलाही वाकणं भाग. वाकलो. सात किलोमीटर पळालेले गुडघे खाली गेले ते वर येईनात. ऐंशीच्या घरातल्या त्या आजोबांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि रिक्षात बसवलं.

तेव्हा पहाटे रोडपालीच्या तळ्यावर कुणी स्वतःशीच बोलत पळताना दिसला, तर कृपा करून नमस्कार करू नका. लांबूनच कुत्रा सोडलात तरी चालेल.