चाळिसाच्या वर नाही

पुणे-सोलापूर रस्त्यावर ट्रक, एसटी, वऱ्हाडाचे टेम्पो पुढे निघून गेले, त्याचं काही वाटलं नाही. पण यवतच्या अलीकडे, कारखान्यावर ऊस उतरवून परतणारा एक ट्रॅक्टर दोन रिकाम्या ट्रॉल्या खडखडवत, टपावरच्या भोंग्यातून गाणी वाजवत मला ओलांडून गेला. मागच्या ट्रॉलीतल्या पोरानं मला टाटाही केला.

माझ्या बुडाखाली १९७९ची येझदी होती. नुकताच बोअर मारलेला, नवा ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा. गाडी ताब्यात देताना नाना पेठेतल्या मिस्त्रींनी किल्ली हातात घट्ट धरून अटी सांगितल्या होत्या. "चाळिसाच्या वर नाही. डबलसीट नाही. घाट नाही. वीस किलोमीटरला थांबायचं. बाळंतीण आहे ती, साहेब."

आता पुण्यातून घाट टाळून निघायचं म्हणजे कुठे? सातारा रस्त्याला खंबाटकी, सासवडला दिवेघाट, मुंबईकडे बोरघाट, कोकणात उतरायचं तर ताम्हिणी. नगर रस्ता सपाट आहे, पण वाघोलीच्या गर्दीत हवेवर थंड होणारं इंजिन नुसतं उभ्या उभ्या शिजेल. राहिला सोलापूर रस्ता. भिगवणला साडू राहतात आणि त्यांच्याकडे उजनीच्या चिलापीचा रस्सा उत्तम होतो, हाही मुद्दा होताच. डबलसीटची बंदी असल्यामुळे ही एसटीने निघाली. हडपसर सुटायच्या आत तिची एसटी माझ्या शेजारून गेली. खिडकीतून तिनं माझ्याकडे पाहिलं, ओळख मात्र दाखवली नाही.

पहिला थांबा लोणी काळभोरला, दुसरा उरुळी कांचनच्या पुढे. उरुळीत १९४६ साली गांधीजी राहिले आणि निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. तिथे लोकांना उपास घडवतात. माझ्या गाडीला उलट खुराक होता. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. मिस्त्रींचा हुकूम : लिटरला पन्नास मिली ऑइल, हजार किलोमीटरपर्यंत. पंपावर चार लिटर पेट्रोल घेतलं, घरून आणलेल्या बाटलीतलं दोनशे मिली ऑइल टाकीत ओतलं आणि ते मिसळावं म्हणून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवू लागलो. मागच्या रांगेतल्या काकू नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, त्यांना जरा मदत करा, काहीतरी अडकलंय."

रनिंगमध्ये, म्हणजे नव्या रिंगा बसेपर्यंत, इंजिन सांभाळणं त्या मानानं सोपं असतं. सिलिंडरला आतून बारीक आडवेतिडवे ओरखडे काढलेले असतात, त्यांच्यावर घासून घासून रिंगा बसायच्या असतात. पिस्टन अॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापलं की पिस्टन आधी फुगतो आणि सिलिंडरला धरून बसतो. मग मागचं चाक चालत्या गाडीत जागच्या जागी थांबतं. म्हणून डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. एकाच वेगात रेटायचं नाही, थ्रॉटल सारखा कमी-जास्त करायचा. टॉपमध्ये गाडी धडधडू लागली तर लगेच गिअर उतरवायचा. उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी सोडायची नाही, कारण पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबतं. हे सगळं जमतं. जमत नाही ते एवढंच : रस्त्याच्या कडेला गाडी लावून वीस मिनिटं स्वस्थ बसणं. आपल्याकडे कुणी तसं बसूच देत नाही.

चौफुल्याजवळ बाभळीखाली थांबलो तर दहा मिनिटांत चौघे जमले. "पेट्रोल संपलं का?" नाही. "प्लग काळा पडला असंल." नाही. "मग ढकलू का?" इंजिन गार करतोय म्हटलं, तर एकानं सिलिंडरवर पाणी ओतायला बिसलेरीची बाटली उघडली. तापलेल्या बिडावर गार पाणी! मी मधे उभा राहिलो. दुसऱ्यानं परस्पर सीटवर टांग टाकली आणि किक शोधू लागला. येझदीत गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते. त्याला ती सापडली नाही. "किकच न्हाय व्हय हिला? मग बंदच पडणार की!"

तेवढ्यात नवी येझदी घेऊन एक पोरगा आला. २०२२ साली हे नाव पुन्हा बाजारात आलं, त्यातली; ३३४ सीसी, इंजिन पाण्यानं थंड होणारं. "काका, ओरिजिनल? एका सिलिंडरला दोन सायलेन्सर? मारू या का एक रेस?" मी मिस्त्रींच्या अटी सांगितल्या. त्यानं फार सहानुभूतीनं मान हलवली, फोटो काढला आणि पाटसच्या दिशेनं दिसेनासा झाला.

भिगवणला पोचलो तेव्हा रस्सा संपला होता. हिनं माझ्यासाठी एक तुकडा काढून ठेवला होता, तोही शेपटीकडचा. "चाळिसानं आलात ना? मग बरोबर आहे," एवढंच म्हणाली. साडूंनी बाहेर येऊन गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "बंद पडली होती का?"

हजार किलोमीटर व्हायला अजून बरेच बाकी आहेत. तेव्हा सोलापूर रस्त्यावर बाभळीच्या सावलीत, दोन सायलेन्सरच्या गाडीशेजारी एखादा गृहस्थ नुसताच बसलेला दिसला, तर कृपा करून थांबू नका. हॉर्न वाजवा आणि पुढे जा.