हरित मॉल, धडगाव शाखा

२३ मार्च २०१८ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि शहरांतले मॉल रातोरात निसर्गप्रेमी झाले. फुकटची पिशवी गेली, विकतची आली. वर जाहिरात मॉलचीच. कापडासारखी दिसणारी ती पिशवी बहुतेकदा पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच!

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-मोलगीच्या आठवडे बाजाराला हे ज्ञान कुणी दिलं नव्हतं. आमचूर, मोहफुलं, चारोळी टोपलीतून येणार, छप्पर आभाळाचं, एसी सातपुड्याच्या वाऱ्याचा. प्रमाणपत्र तेवढं नाही.

आता तिथंही पातळ पिशव्या फडफडतात. एकदा वापरून फेकायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशव्यापी बंदी आली १ जुलै २०२२ला. नंदुरबार जिल्हाही जन्मला १ जुलैलाच, १९९८ साली. वाढदिवसाचा केक कापलात, तर चमचे तेवढे लाकडी ठेवा.